जाताना एकतीस

१

बुधवारी सकाळी पाण्याची टाकी धुवायला माणूस आला होता. तो वर आणि मी खाली शिडी धरून, अशा अवस्थेत टपाल आलं. पोस्टमनने पाकीट माझ्या काखेत खोचलं आणि तो निघून गेला. टाकी धुऊन होईपर्यंत अर्धा तास मी ते तसंच दाबून धरून उभा होतो.

पाकीट प्रकाशकबाईंचं होतं. आत एका वाचकाचं पत्र आणि त्याला टाचलेली बाईंची चिठ्ठी: ‘नवी आवृत्ती दोन-तीन महिन्यांत छापायला जाईल. त्याआधी हे बघून घ्या.’

वाचकाचं अक्षर टपोरं आणि रागीट होतं. त्याने लिहिलं होतं: ‘पान ११२ वर आपण म्हणता की टेकडीवरच्या देवस्थानाखालचा बोगदा एकतीस पावलं लांब आहे. मी टेप घेऊन गेलो होतो. तो साडेपाच मीटर आहे, म्हणजे जेमतेम नऊ पावलं. पुढे अखंड खडक. आपल्या भगिनींनी आत न जाताच आकडा ठोकून दिलेला दिसतो. लोक आपल्या भरवशावर एवढ्या लांब जातात, याचं थोडं भान असावं.’

मी लगेच ताईला फोन लावला. पत्र वाचून दाखवलं. तिच्याकडे नळ चालू होता, तो मधेच बंद झाला.

“परत वाच,” ती म्हणाली.

मी परत वाचलं.

“नऊ कर,” ती म्हणाली.

“अगं, पण एकतीस तूच तर मोजलेस.”

“नऊ कर म्हणते ना. सरळ नऊ कर आणि मोकळा हो.”

“तो तुला खोटारडी म्हणतोय, ताई.”

“म्हणू दे. माझ्या अंगाला भोकं पडत नाहीत.” नळ पुन्हा सुरू झाला. “हात ओले आहेत माझे. संध्याकाळी बोलते.”

संध्याकाळी सहाला तिच्याच नंबरवरून फोन आला. मी उचलून म्हटलं, “हं, बोल.”

पलीकडे भाऊजी होते.

२

आमचं पुस्तक म्हणजे एका देशात पायी कसं हिंडावं याची माहिती. त्या देशात जुन्या गोष्टींना तोटा नाही. शेताच्या बांधाला कोरीव दगड, शाळेच्या मैदानात चार खांब, एका देवस्थानाच्या पायाखाली दुसरं आणि त्याच्याखाली तिसरं. लोक दोन हजार वर्षांच्या भिंतीवर चादरी वाळत घालतात आणि परदेशी माणसं फोटोसाठी त्या चादरी सरकवतात, यावरून रोज कुठेतरी भांडण होतं. ताई आणि मी सहा वर्षं, दर वर्षी महिनाभर, तिथे जात होतो. पुस्तकावर दोघांची नावं होती. लिहायचो मी, मोजायची ती.

सगळी अंतरं ताईच्या पावलांत होती. टेपने मोजलेला आकडा चालणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो, असं तिचं म्हणणं. तिचं पाऊल दोन फुटांचं, ना कमी ना जास्त. एकदा रेल्वेच्या फलाटावर शंभर पावलं चालून आम्ही ते तपासून घेतलं होतं, आणि हमालांनी आम्हाला वेड्यात काढलं होतं.

एक गोष्ट मात्र पुस्तकात कुठे लिहिलेली नाही. मी बंद जागेत जात नाही. भुयारं, कोठड्या, तळघरं, सगळ्या ठिकाणी ताई एकटी आत जायची आणि मी तोंडाशी वही घेऊन उभा राहायचो. ती मोठ्याने मोजत जायची. मी प्रत्येक आकड्याला एक काडी मारायचो, पाचवी आडवी. परत येताना ती पुन्हा एकपासून मोजायची आणि त्या काड्या मी शेजारच्या रकान्यात मारायचो. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. नाही जुळले तर पुन्हा मोजायचं. हा तिचा नियम होता आणि त्यात सूट नव्हती.

ही पद्धत पुस्तकाच्या कितीतरी आधीची होती. लहानपणी आमच्या घरात जिन्याखाली अडगळीची खोली होती. माझा चेंडू हटकून तिथेच जायचा. मी दारात उभा राहायचो आणि ताई आत जायची. मला भीती वाटू नये म्हणून ती मोठ्याने मोजायची. “मी मोजतेय तोवर मी आहे,” असं तिने मला सांगून ठेवलं होतं. चेंडू मिळाला की आतून हाक यायची, “ये ना रे भित्र्या, काही नाहीये इथे.”

“आलो, आलो,” मी म्हणायचो, आणि जायचो नाही.

पन्नाशी उलटली तरी आमचं हेच चाललं होतं.

३

ती गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी वह्या काढल्या. कारण साधं होतं. तिने नऊ कर म्हटलं होतं, पण ते हात ओले असताना म्हटलं होतं. तिच्या आकड्यावर मी स्वतःच्या हाताने काट मारावी आणि त्या टेपवाल्याचं म्हणणं खरं ठरवावं, हे मला जमेना. आता तर ती उत्तर द्यायलाही नव्हती.

टेकडीच्या देवस्थानाची नोंद तीन वर्षांपूर्वीची होती, शेवटच्या खेपेची. वर माझ्या अक्षरात: ‘तिकीटघराच्या मागे. उंची माणूसभर. दमट नाही.’ खाली दोन रकाने.

जातानाच्या रकान्यात एकतीस काड्या होत्या. येतानाच्या रकान्यात नऊ.

मी त्या पुन्हा पुन्हा मोजल्या. पेन्सिलीच्या काड्या पुसट झालेल्या नव्हत्या, पान फाटलेलं नव्हतं. पुस्तक लिहिताना मी काय केलं असेल, ते माझ्या लक्षात आलं. परतीचा आवाज आतून नीट ऐकू आला नसेल, शेवटची नऊ पावलंच ऐकू आली असतील, असं धरून मी एकतीस लिहून टाकले असणार. तसं होऊ शकतं. फक्त जातानाचे एकतीस ऐकू आले आणि येतानाचे पहिले बावीस आले नाहीत, हे कसं, ते मला सांगता येईना. तोच बोगदा, तोच आवाज, तेच कान.

मग त्या दिवसाचं आणखी थोडं आठवलं. ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं होतं, शेवटी काय आहे. “काही नाही,” ती म्हणाली. “तसंच लिही. शेवटी काही नाही.” मग मी काड्यांकडे बघून म्हटलं, जुळत नाहीत, पुन्हा मोजायला हवं. ती वाकून चपलेत अडकलेला खडा काढत होती.

“पुन्हा नको,” ती म्हणाली. “उशीर झालाय.”

सहा वर्षांत तिने असं कधीही म्हटलं नव्हतं. आणि आमची बस सुटायला दोन तास होते.

त्यानंतर तिने पावलांनी काहीच मोजलं नाही. पाय दुखतात म्हणाली. पुढच्या कामाला आपण सरळ टेप घेऊ या, म्हणाली. पुढचं काम निघालंच नाही.

४

भाऊजी चित्रकलेचे मास्तर होते, आता निवृत्त. माणूस बोलका, नवीन माणसाला बोलण्याचा त्रास व्हावा इतका. ताई गेल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालं नव्हतं, पण ते मधेच थांबायचं आणि त्यांनाच त्याचं नवल वाटायचं.

मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते पॅसेजमधला दिवा बदलत होते. झोपायच्या खोलीपासून बैठकीपर्यंतचा तो अरुंद पॅसेज, दोन्ही बाजूंना भिंती. त्या बुधवारी ताई तिथे पडली होती.

“डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं हे तुम्हाला ठाऊकच आहे,” ते स्टुलावरूनच म्हणाले. “बाहेर धूळ, म्हणून घरातच. दोन महिने चालत होती. मी रोज विचारायचो, किती चाललीस? म्हणायची, मोजलं नाही. त्या दिवशी मात्र मी धरूनच बसलो. म्हटलं, जन्मभर दगडधोंडे मोजलेस, आता स्वतःची पावलं मोजायला काय होतं? डॉक्टरांना सांगू काय मी?”

“मग?”

“माझ्याकडे बघितलं जरा वेळ. ‘मोजू म्हणता?’ म्हणाली. म्हटलं, मोज की. ‘बरं,’ म्हणाली.” ते खाली उतरले. “मी आत बसून ऐकत होतो. छान खणखणीत मोजत होती. मला वाटलं, चला, एवढं तरी ऐकलं माझं. बावीस म्हणाली आणि थांबली. मला वाटलं, वळली असेल.”

त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला. पॅसेजची फरशी स्वच्छ होती.

नऊ आणि बावीस यांची बेरीज करायला काही लागत नाही, ती आपोआप होते. मी स्वतःला बजावलं की माणूस कुठल्या तरी आकड्यावर थांबणारच. बावीसऐवजी सतरा असता तर मी सतराचं काहीतरी जुळवलं असतं. हे मला पटलं. ते पटण्यासारखंच होतं. तरीही मी वही उघडली नाही. भाऊजींनी विचारलं तेव्हा फक्त वाचकाचं पत्र दाखवलं.

ते पत्र वाचून त्यांचे कान लाल झाले.

“न जाताच ठोकून दिला?” ते म्हणाले. “हिने? दूधवाल्याकडचं माप परत मोजून घेणारी बाई ही. चला, लेखकराव. आपण जाऊ.”

“कुठे?”

“तिथे. एकतीस म्हणजे एकतीस. आपण मोजू आणि त्या गृहस्थाला कळवू.”

त्यांना ते तिच्या अब्रूसाठी हवं होतं. मला कशासाठी हवं होतं, ते मी नीट सांगू शकत नाही. तिचा आकडा खरा निघावा असं मला वाटत होतं. आणि तो खरा निघू नये असंही वाटत होतं.

५

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भाऊजी त्या देशात पहिल्यांदाच येत होते. आमच्या सहाही खेपांना घर सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून ते मागे राहिले होते, आणि आता घर सांभाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. गाडीच्या खिडकीतून ते पडके खांब मोजायचे आणि दहाच्या पुढे गेले की सोडून द्यायचे.

“इथल्या लोकांना धड उभी इमारत आवडत नाही का हो?” ते म्हणाले.

वाटेत तीन ठिकाणी थांबलो. प्रत्येक ठिकाणी मी आमच्या पुस्तकातले आकडे ताडून बघितले, उघड्यावरचे. फाटकापासून वेदीपर्यंत चौऱ्याऐंशी. पायऱ्यांपासून विहिरीपर्यंत एकशे सोळा. माझं पाऊल तिच्यापेक्षा थोडं लांब, ते मी आखूड केलं की आकडा तंतोतंत यायचा. विहिरीपाशी तर मी डोळे मिटून चाललो आणि एकशे सोळा म्हणून पाय टेकला तो नेमका काठाच्या दगडाला लागला. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्या प्रवाशानेही, काही कार्यक्रम आहे असं समजून, वाजवल्या.

म्हणजे तिचं मोजणं चोख होतं. एका सबंध देशात तिचा एकच आकडा चुकत होता.

६

टेकडीवर आम्ही साडेअकराला पोहोचलो. लख्ख ऊन होतं. देवस्थान लहान, अर्धं पडलेलं. उरलेल्या अर्ध्यात अजून कुणी कुणी येऊन दिवा लावून जात असावं, कारण कोनाड्यात ताजं तेल होतं. तिकीटघर म्हणजे पत्र्याची एक खोली. तिच्या मागे, दहा पायऱ्या खाली, बोगद्याचं तोंड. शेजारी लोखंडी खुर्चीवर तिकीटवाला बसला होता आणि त्याच्या मांडीवर रेडिओ होता, चांगला मोठ्याने लावलेला.

त्यांची भाषा मला कामापुरती येते. मी म्हटलं, आम्हाला आत जाऊन मोजायचं आहे, पाचच मिनिटं.

“टेप आणलाय?” त्याने विचारलं.

“नाही. पावलांनी.”

त्याने मला आणि मग भाऊजींना न्याहाळलं. “लोक आत जातात, बघतात, बाहेर येतात,” तो म्हणाला. “आत काही नाही.”

“माहीत आहे. माझी बहीण येऊन गेली आहे. तीन वर्षांपूर्वी.”

“तेव्हा मी नव्हतो. दुसरा होता.” तो दुसरा कुठे गेला हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी त्याला रेडिओ बंद करायला सांगितला. बाहेरच्या माणसाला माझा आवाज ऐकू यायला हवा होता.

“बंदच करायला हवा का?”

“पाच मिनिटं.”

त्याने बटण फिरवलं, पण हात त्यावरच ठेवला. टेकडीवर एकदम इतकी शांतता झाली की भाऊजींनी थर्मासचं झाकण हळूच लावलं. ते शेवटच्या पायरीवर बसले, कोरी वही गुडघ्यावर, पेन्सिलीला टोक काढलेलं. त्यांच्या बाजूला चहा भरलेला पेला वाफाळत होता.

“मी जाऊ का आत?” ते म्हणाले. “तुम्हाला ते जमत नाही ना? ती सांगायची. लिफ्टमध्येसुद्धा डोळे मिटून उभा राहतो म्हणायची.”

“मीच जातो.”

“जमेल?”

“ती गेली होती,” मी म्हटलं. यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलं नाही.

७

एक म्हणालो तेव्हा ऊन अजून पाठीवर होतं. दोनला ते कमरेपर्यंत आलं. तीनला संपलं.

बोगदा सरळ होता. भिंतींवर छिन्नीचे घाव, एकासारखा एक, कुणीतरी घाई न करता घातलेले. मान किंचित वाकवावी लागत होती. खांदे भिंतींना लागत नव्हते, पण लागतील असं सतत वाटत होतं. माझ्या छातीत नेहमीचं सुरू झालं. त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांना होतं त्यांना ठाऊक असतं. मी मोठ्याने मोजत राहिलो. मी मोजतोय तोवर मी आहे, हे वाक्य मला चौथ्या पावलाला आठवलं आणि त्याचा उपयोग झाला.

पाचव्या पावलाला टॉर्चच्या उजेडात समोरचा खडक दिसला. सहा, सात, आठ. नऊला हात लांब केला आणि तो टेकला.

खडक कोरडा आणि गार होता. मी सगळीकडून चाचपून बघितला. फट नाही, वळण नाही, वर भगदाड नाही. डाव्या बाजूला कुणीतरी खडूने बारीक ‘५.५’ लिहिलं होतं. टेपवाल्याने पुरावा ठेवला होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण हायसं वाटलं. नऊच होते. ताईचं काहीतरी चुकलं होतं, माणसाचं चुकतं. घरी जायचं, नऊ करायचं, मोकळं व्हायचं.

घसा कोरडा पडला होता. नऊच आकडे म्हटले होते, तरी सबंध तास शिकवून वर्गाबाहेर पडलेल्या मास्तरासारखा पडला होता. भीतीने पडतो.

मी वळलो.

बोगद्याचं तोंड मला माझ्या करंगळीच्या नखाएवढं दिसलं. लांब, खूप लांब, पांढरं, आणि त्यात काळ्या ठिपक्यासारखं काहीतरी, ते बसलेले भाऊजी असावेत. साडेपाच मीटरवर बसलेला माणूस ठिपक्याएवढा दिसत नाही. उन्हातून अंधारात आल्यावर डोळ्यांना असं होत असेल, असं मी म्हटलं, बहुधा मोठ्याने. मग मी मागच्या खडकाला पुन्हा हात लावला नाही, तो तिथे आहे की नाही ते बघितलं नाही. नजर खाली ठेवली आणि चालायला लागलो. एक, दोन, तीन.

नऊ म्हणालो तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

८

“एकतीस!” भाऊजी म्हणाले.

ते उभे राहिले होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. “बघा. तिचाच आकडा. एक कमी नाही, एक जास्त नाही. म्हणावं आता त्या टेपवाल्याला, ये.”

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. चित्रकलेच्या मास्तरांच्या काड्या, सारख्या उंचीच्या, सारख्या अंतराच्या. सहा जुड्या आणि एक.

“तुम्ही ऐकलंत?” मी विचारलं. “एकतीस ऐकलंत?”

“म्हणजे काय, कान आहेत ना मला. वीसनंतर आवाज बारीक झाला, पण कळत होता. सव्वीसला जरा थांबलात, तेवढंच.” ते वहीत बघत म्हणाले. “‘आलो, आलो’ म्हणालात आणि मग सत्तावीस. मला कळेना, हे कुणाला सांगताहेत. मी तर हाक मारली नव्हती.”

मी तिकीटवाल्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं आणि रेडिओचं बटण फिरवलं. हवामानाच्या बातम्या चालू होत्या. पायरीवरच्या पेल्यातल्या चहावर साय धरली होती.

“परतीचं मात्र गडबडलं,” भाऊजी म्हणाले. “एकपासून मोजत आलात हे बरोबर, पण नऊ झाले आणि तुम्ही बाहेर. नऊच काड्या. आता हे दोन आकडे जुळत नाहीत.” ते चपला काढून बाजूला ठेवू लागले, शाळेत कवायतीला निघाल्यासारखे. “नाही जुळले तर पुन्हा मोजायचं, असा तिचा नियम होता ना? तुम्ही बसा, दमलात. ही वही धरा. मी जातो ह्या खेपेला. मलाही बघू दे ती कुठवर गेली होती.”

त्यांनी एक पाय बोगद्याच्या तोंडात टाकला होता. मी त्यांचा दंड धरला. जरा जोरातच धरला असावा, कारण त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

“पुन्हा नको,” मी म्हटलं. “उशीर झालाय.”

“उशीर? अहो, बारा वाजलेत. गाडी तीनला यायची आहे.”

“भाऊजी, चला.”

त्यांनी दंड सोडवून घेतला. मग त्यांनी चपला घातल्या. टेकडी उतरताना ते एकही शब्द बोलले नाहीत, आणि ही त्यांच्या बाबतीत साधी गोष्ट नव्हती.

९

नवी आवृत्ती निघाली आहे. पान एकशे बारावर ‘नऊ पावलं’ असं छापलं आहे, आणि प्रस्तावनेच्या शेवटी एक ओळ आहे: ‘मागील आवृत्तीतील आकडा मोजणाऱ्याच्या नजरचुकीने पडला होता. चूक दाखवून देणाऱ्या वाचकाचे आभार.’ आकडा एकतीस राहिला तर तो खरा की खोटा हे बघायला माणसं जातील आणि मोजतील. नऊ असला तर कुणी मोजायच्या भानगडीत पडणार नाही. खडक दिसतोच.

प्रकाशकबाई म्हणाल्या, ‘मोजणाऱ्याच्या’ हा शब्द जरा टोचतो, गेलेल्या माणसाबद्दल आहे. मी म्हटलं, राहू द्या.

पहिली प्रत भाऊजींना पाठवली. चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

“वही माझ्याकडे आहे,” ते म्हणाले. “एकतीस काड्या मी माझ्या हाताने मारल्यात. तुम्ही स्वतः आत होतात. तरी तुम्ही तिला खोटं पाडलंत.”

“तीच म्हणाली होती, नऊ कर.”

“आता ती काहीही म्हणाली होती असं तुम्ही सांगू शकता,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं नाही. मी त्यांना सगळं सांगू शकलो असतो. पण मग मला त्यांना बावीसबद्दल सांगावं लागलं असतं, आणि त्या संध्याकाळी पॅसेजमध्ये तिला मोज म्हणून कुणी सांगितलं होतं, ते त्यांना आठवलं असतं. त्यापेक्षा त्यांनी मला नावं ठेवलेली बरी.

माझं तसं ठीक आहे. सकाळी फिरायला जातो. घरात रेडिओ चालू असतो. जिना चढताना पूर्वी पायऱ्या मोजायची सवय होती, तेव्हा आता काहीतरी गुणगुणतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, हल्ली फार खुशीत असता. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि रोज किती चालता ते मोजून सांगा म्हणाले. मी हो म्हटलं.

परतीची बावीस पावलं राहिली आहेत. ती मी अजून मोजलेली नाहीत.